नाव आपले, दप्तर परक्याचे

२०२५ साली भारताच्या एका राष्ट्रीय संपत्तीचे दप्तर एका परदेशी कंपनीच्या हातून निघाले आणि दुसऱ्या परदेशी कंपनीच्या हाती पडले. देणारी अमेरिकेची, घेणारी कॅनडाची. या घटनेवर कोठे अग्रलेख लिहिला गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. एखाद्या वाहिनीवर चर्चेचा फड रंगल्याचेही ऐकिवात नाही. एखाद्या बंदराचा वा खाणीचा ठेका असा हस्तांतरित झाला असता, तर सभागृहात घोषणा झाल्या असत्या आणि रस्त्यावर मोर्चे निघाले असते. येथे मात्र देशाच्या नावाची नोंदवही हलली आणि देश स्वस्थ झोपून राहिला.

ही नोंदवही म्हणजे महाजालावरील 'डॉट इन' या नामक्षेत्राची, ज्यास संगणकाच्या भाषेत डोमेन म्हणतात. या नोंदवहीचे महत्त्व शेतकऱ्याच्या मुलास समजावून सांगावे लागणार नाही. शेत कसणारा कोणीही असो, सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचीच जमीन. आणि तो उतारा निघतो तलाठ्याच्या दप्तरातून. महाजालाचा व्यवहार असाच चालतो. नागपुरात बसलेल्या कोणी आपल्या संगणकावर एखादे 'डॉट इन' नाव टाइप केले की, तो संगणक प्रथम जगाच्या मूळ यादीस विचारतो : 'इन'चे दप्तर कोठे आहे? तेथून पत्ता मिळाला की त्या दप्तरास विचारतो : या नावाची वाट कोणाकडे जाते? मग कोठे त्या संकेतस्थळाचा अंकी पत्ता हाती लागतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. परंतु दप्तरातील ती एक ओळ पुसली गेली, तर संकेतस्थळ जागच्या जागी असूनही जगास सापडणार नाही. आणि ती ओळ बदलली गेली, तर ग्राहक आपल्या बँकेच्या दारात म्हणून जाईल आणि हुबेहूब तसेच दार लावून बसलेल्या भामट्याच्या ओसरीवर पोहोचेल.

हे दप्तर मुळात आपल्या हाती होते, हे आजच्या पिढीस सांगितले पाहिजे. महाजालाच्या बाल्यावस्थेत नावांची मूळ यादी जॉन पोस्टेल नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ जवळजवळ एकट्याने सांभाळीत असत. कोणता प्रदेश देश मानावा आणि कोणता नाही, या भानगडीत न पडता त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने देशांसाठी ठरविलेली दोन अक्षरांची तयार सारणीच स्वीकारली. त्यानुसार भारताच्या वाट्यास 'इन' ही अक्षरे आली आणि ८ मे १९८९ रोजी त्यांची जबाबदारी मुंबईच्या जुहू येथील 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' या संस्थेकडे सोपविण्यात आली. डॉ. श्रीनिवासन रमणी हे त्या संस्थेचे धुरीण. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि जुहूची ही संस्था यांना जोडणाऱ्या 'अर्नेट' या जाळ्याचे काम १९८६ मध्ये सुरू झाले होते. घरच्या साध्या दूरध्वनीसाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळत होते, तो हा काळ. विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांस इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे जनतेच्या हाती महाजाल येण्यापूर्वी सहा वर्षे आपल्या शास्त्रज्ञांनी देशाच्या नावाचे दप्तर सांभाळावयास घेतले होते. हे काम त्यांना जमले. कोणा परदेशी कंपनीचा टेकू त्यांना लागला नाही.

मात्र त्या पर्वातील दोषही झाकून ठेवण्याचे कारण नाही. नाव देण्याचे नियम इतके आवळलेले होते की, १९९२ ते २००४ या बारा वर्षांत 'डॉट इन'मध्ये नोंद झाली ती सुमारे सात हजार नावांची! लायसन्स-परमिटच्या राज्यात वाढलेली आपली नोकरशाही नाव देतानाही रेशनचे धान्य मोजून दिल्यासारखी वागली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. भारतीय उद्योजक 'डॉट कॉम'कडे वळले आणि अमेरिकेच्या दुकानात डॉलर मोजून आपली नावे विकत घेऊ लागले. 'रेडिफ'च्या नावाशी साधर्म्य असलेले 'रॅडिफ' हे नाव कोणी घेतले, म्हणून १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा चालला. 'सिफी'च्या नावाचा तसाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २००४ मध्ये न्यायालयाने डोमेन नावास व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळेल असा निर्वाळा दिला. भांडणारे दोन्ही पक्ष भारतीय, न्यायासन भारतीय, आणि ज्या जागेसाठी भांडण ती मात्र अमेरिकेच्या दप्तरी!

पुढे २००३ साली 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया' म्हणजेच 'निक्सी' ही संस्था निर्माण झाली. तिचा जन्म कशासाठी झाला हे मुद्दाम लक्षात ठेवावे. पुण्याहून मुंबईस पाठविलेला संदेशही तेव्हा पुष्कळदा अमेरिकेची प्रदक्षिणा करून येई, कारण देशातल्या देशात जाळी एकमेकांस जोडण्याची सोय नव्हती. घरचा संदेश घरच्या वाटेनेच जावा, हा निक्सीचा मूळ हेतू. याच निक्सीकडे 'डॉट इन'ची नोंदवही आली. १ जानेवारी २००५ पासून नोंदणीचे नवे पर्व सुरू झाले, फेब्रुवारीत ती सर्वांस खुली झाली. हा निर्णय उत्तमच होता. मार्च २०१० पर्यंत नावे सहा लाखांवर गेली. आज ती चाळीस लाखांच्या घरात आहेत.

परंतु दार उघडताना किल्ल्या कोणाच्या कमरेला बांधल्या? नोंदवही प्रत्यक्ष चालविण्याचे तांत्रिक काम 'अफिलियास' या आयर्लंडस्थित कंपनीस देण्यात आले. घरचा संदेश घरच्या वाटेने जावा म्हणून जन्मलेल्या संस्थेने घराचे दप्तर परगावी ठेविले, यास काय म्हणावे?

त्या वेळी त्याचे समर्थन करता येण्यासारखे होते. अनुभव नव्हता, जगभर नावांची मागणी झपाट्याने वाढत होती, अनुभवी हात भाड्याने घेतले तर बिघडले कोठे, असे कोणी म्हटले असते तर आम्हीही फारसा वाद घातला नसता. शहाणा गृहस्थ घर बांधताना बाहेरचा गवंडी बोलावतोच. प्रश्न पुढील वीस वर्षांचा आहे. गवंडी काम करीत असताना घरच्या पोरांनी थापी हातात धरली काय? २०१८ मध्ये नवी निविदा निघाली आणि काम अमेरिकेच्या 'न्यूस्टार'कडे गेले. एक परदेशी जाऊन दुसरा आला.

खरी गंमत त्यानंतरची आहे. २०२० साली न्यूस्टारने आपला नोंदवह्या चालविण्याचा व्यवसाय 'गोडॅडी' या अमेरिकन कंपनीस विकून टाकला. त्या व्यवसायाबरोबर 'डॉट इन'चे कामही गोडॅडीच्या छत्राखाली गेले. भारताने निविदा काढून निवडले होते एकास. दोन वर्षांत कारभारी झाला दुसराच, आणि तो ठरला अमेरिकेतील दोन कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत. शिवाय गोडॅडी म्हणजे नावांचा जगातील सर्वांत मोठा किरकोळ व्यापारी. बाजारात भूखंड विकणाऱ्या दलालाच्याच घरी तलाठ्याचे दप्तर नेऊन ठेवण्याचा हा प्रकार. निविदेत भारतातील उपकंपनीची अट घालता येते, यंत्रे भारतात ठेवण्याची अट घालता येते. या अटी चांगल्याच आहेत. पण उपकंपनीची मालकी सातासमुद्रापलीकडे असेल तर ती मालकी कोणत्या सकाळी कोणाच्या खिशात जाईल हे आपल्या हाती राहत नाही, हे २०२० ने दाखवून दिले. आणि २०२५ मध्ये त्या अनुभवातून आपण काय शिकलो? काम टोरांटोच्या 'टुकाऊज'कडे दिले.

'यात एवढे बिघडले काय?' असे विचारणाऱ्या विद्वानांचा एक वर्ग आपल्याकडे सदैव सिद्ध असतो. त्यांचे म्हणणे असे की, धोरण निक्सी ठरविते, नोंदणीचे नियम निक्सीचे, तंट्यांचा निवाडा २००५ पासून आपल्याच नियमावलीने होतो. यंत्र कोण चालवितो हा क्षुद्र प्रश्न आहे. स्वस्तात जो करील त्यास काम द्यावे. स्वदेशीचा हा हट्ट म्हणजे भावनेचा उमाळा.

या युक्तिवादास उत्तर भावनेने देण्याची गरजच नाही. घटना पुरेशा आहेत. इराकच्या 'आयक्यू' या नामक्षेत्राचा कारभार अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील एका कंपनीकडे होता. २००२ साली अमेरिकी शासनाने त्या कंपनीच्या चालकांना अटक केली. गुन्हा त्यांचा, खटला अमेरिकेचा. पण महाजालावरील इराकचे नाव पुढे वर्षानुवर्षे निपचित पडून राहिले. २००५ मध्ये कोठे ते इराकच्या शासकीय आयोगाकडे आले. पॅसिफिकमधील निउए हे दोन हजारही वस्ती नसलेले बेट. त्याची 'एनयू' ही अक्षरे १९९७ साली एका अमेरिकन उद्योजकाने मिळविली, कारण स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'आता' असा होतो आणि स्वीडनमध्ये त्यास मोठे गिऱ्हाईक होते. आपल्याच नावासाठी निउएला २०१८ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली. 'आयओ' ही अक्षरे तर आपल्या हिंदी महासागराची. ब्रिटिशांनी चागोस बेटांवरील मूळ रहिवाशांना १९६८ ते १९७३ या काळात हुसकावून लावले, आणि पुढे त्या निर्मनुष्य केलेल्या भूमीच्या नावावर जगभरातील संगणक-उद्योगांना संकेतस्थळे विकली गेली. विस्थापितांच्या पदरात त्या कमाईतून काय पडले, ते विचारू नये.

'हे दुबळ्या देशांचे झाले, भारत म्हणजे काही निउए नव्हे,' असे कोणी म्हणेल. ठीक आहे. गुजरातेतील वाडिनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प तर भारतभूमीवरच उभा आहे ना? तो चालविणाऱ्या 'नायरा एनर्जी'त रशियन कंपनीचा मोठा वाटा आहे, म्हणून युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. आणि मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या सेवा बंद केल्या. कर्मचाऱ्यांची ई-पत्रे त्यांनाच दिसेनाशी झाली. भारताने निर्बंध घातले नव्हते, भारताचा कोणताही कायदा मोडला गेला नव्हता. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. झाल्या हे खरे. पण ब्रुसेल्समध्ये झालेल्या एका निर्णयाने भारतातील एका प्रकल्पाचे कामकाज खोळंबू शकते, हे सिद्ध व्हावयाचे ते झालेच. ज्या कंपनीचे मुख्यालय परदेशात आहे, तिला त्या देशाचा कायदा आधी पाळावा लागतो. यात त्या कंपनीच्या सद्‌हेतूविषयी शंका घेण्याचे कारणही नाही. ती आपल्या राजाची प्रजा आहे, इतकेच.

युक्रेनने २०२२ च्या युद्धारंभी रशियाचे 'आरयू' हे नामक्षेत्रच रद्द करावे अशी मागणी जागतिक नामव्यवस्था सांभाळणाऱ्या 'आयकॅन'कडे केली होती. आयकॅनने ती काही दिवसांतच फेटाळली, आणि ते योग्यच केले. परंतु आयकॅनने जो विवेक दाखविला, तो प्रत्येक खासगी कंपनी दाखवील अशी हमी कोण देणार? त्याच दिवसांत काही अमेरिकन नामविक्रेत्यांनी रशियन ग्राहकांना आपापली नावे घेऊन चालते होण्यास सांगितले होते.

क्षमतेचा प्रश्न काढणाऱ्यांसाठी ब्राझीलचे उदाहरण फार बोलके आहे. ब्राझीलला 'बीआर' हे नामक्षेत्र मिळाले १८ एप्रिल १९८९ रोजी, म्हणजे आपल्या अवघे तीन आठवडे आधी. तेथेही आरंभी ते एका संशोधन-संस्थेने, साओ पाउलो राज्याच्या संशोधन-प्रतिष्ठानाने, सांभाळले. तेथेही २००५ मध्येच कारभार एका नव्या ना-नफा संस्थेकडे आला. दोन विकसनशील देश, एकच वर्ष, एकच आरंभ, एकच वळण. फरक इतकाच की ब्राझीलच्या संस्थेने नोंदवही स्वतःच्या अभियंत्यांकरवी चालविली. नाव घेणाऱ्यास तेथे देशाचा कर-ओळख क्रमांक द्यावा लागतो, त्यामुळे दप्तरात खोटी नावे घुसविणे अवघड. नोंदणीतून येणारा पैसा देशातच राहतो आणि त्यातून संगणकीय आपत्तींशी झुंजणारे पथक व संशोधन चालते. ब्राझीलची लोकसंख्या आपल्या एक-सप्तमांशाच्या आसपास; तरीही 'बीआर'मधील नावे आपल्याहून अधिक, पन्नास लाखांच्या वर आहेत. जर्मनी आपले दप्तर फ्रँकफुर्टच्या सहकारी संस्थेकरवी चालविते, चीन व जपान आपापल्या संस्थांकरवी. सहकाराचे माहेरघर म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात जर्मनीच्या या सहकारी प्रयोगाची चर्चाही नसावी, हे आमचे दुर्दैव.

आणि आपल्यास हे जमणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? २०१६ पासून यूपीआय हा व्यवहार आपल्या अभियंत्यांनी उभा केला. भाजीवालीच्या हातगाडीवरील चौकटीपासून मोठ्या दुकानापर्यंत जेवढी देवघेव त्यावरून एका दिवसात होते, तिच्यापुढे चाळीस लाख नावांची नोंदवही म्हणजे काहीच नव्हे. 'गव्ह डॉट इन'चे काम आपलेच राष्ट्रीय सूचना केंद्र पाहते, शिक्षणसंस्थांच्या नावांचे अर्नेट. जगातील बड्या संगणक-कंपन्यांच्या कचेऱ्या बंगळूर, पुणे, हैदराबाद येथील तरुणांवर चालतात. हे तरुण टोरांटोच्या कंपनीसाठी दप्तर सांभाळू शकतात आणि भारतासाठी नाही, हे कोडे आमच्या बुद्धीस उलगडत नाही.

विसंगतीचा कळस पाहावयाचा तर २०११ आठवावे. त्या वर्षी भारत सरकारने संयुक्त राष्ट्रसंघात प्रस्ताव मांडला की, महाजालाच्या धोरणांसाठी पन्नास सदस्य-देशांची समिती असावी; एका राष्ट्राच्या छायेखाली जगाची नामव्यवस्था असू नये. भूमिका तत्त्वतः रास्त होती. अमेरिकी वाणिज्य खात्याचा या व्यवस्थेवरील करार पुढे १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपलाही. पण न्यूयॉर्कमध्ये ही गर्जना होत होती तेव्हा स्वतःच्या 'डॉट इन'चे यंत्र परदेशी कंपनी चालवीत होती. जगाच्या यादीवर हक्क सांगावयाचा आणि घरच्या यादीकडे पाठ फिरवावयाची! यात पक्षभेदाचा प्रश्न नाही. ठेका देताना २००५ मध्ये एक सरकार होते, २०१८ व २०२५ मध्ये दुसरे. सत्ता पालटली, ध्वज बदलले, ठेकेदाराची नावे बदलली. वृत्ती बदलली नाही. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून मौन पाळावे, असे आम्हांस वाटत नाही.

सरकारला बोल लावून आपण मोकळे होऊ नये. स्वदेशीवर ओजस्वी व्याख्याने देणाऱ्या कितीतरी संस्थांच्या पत्रिकेच्या तळाशी जो संकेतस्थळाचा पत्ता छापलेला असतो, तो 'डॉट कॉम' वा 'डॉट ऑर्ग'चा असतो. आपल्या बँकांनीही वर्षानुवर्षे हेच केले. भामट्यांनी बँकांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घेऊन लोकांची आयुष्याची पुंजी लुटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेस जाग आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने बँकांसाठी 'बँक डॉट इन' हे राखीव क्षेत्र जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी तेथे स्थलांतर करावे असा आदेश काढला. तेथील नावे देण्याचा अधिकार हैदराबादच्या, रिझर्व्ह बँकेनेच स्थापिलेल्या एका संस्थेस आहे. ऐऱ्यागैऱ्याला तेथे नाव मिळत नाही. हा निर्णय अत्यंत स्वागतार्ह आहे. मात्र त्यामुळेच आमचा मुद्दा अधिक तीव्र होतो. आता देशातील बँकव्यवहाराची वाटच 'डॉट इन'च्या दप्तरातून जाऊ लागली आहे. ज्या वेशीतून सारे गाव ये-जा करणार, तिचा पहारेकरी तरी गावचा असावा.

भाषेची कथा याहून करुण. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील 'डॉट भारत' सुरू झाले. हिंदी, मराठी, कोकणीसह आठ भाषांसाठी ते खुले झाले आणि कालांतराने अन्य भारतीय लिप्यांचीही क्षेत्रे आली. एकूण १५, एवढी देशी लिप्यांतील नामक्षेत्रे जगात दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राकडे नाहीत. पुण्याच्या सी-डॅकमधील तज्ज्ञांनी त्यासाठी कष्ट घेतले. कोणते जोडाक्षर चालावे, कोणती दोन अक्षरे दिसावयास इतकी सारखी की त्यांच्या आधारे फसवणूक होईल, हे ठरविणे सोपे नव्हे. पण आज एखाद्या शहराच्या मुख्य रस्त्यावरून चालत जा आणि दुकानांच्या पाट्यांवर 'डॉट भारत' शोधा! पुष्कळ ठिकाणी असा पत्ता भरावयास गेले तर समोरचे अर्जाचे पान 'अवैध पत्ता' म्हणून तो नाकारते. संगणकाच्या पोटात 'भारत' हा शब्द 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि 'एच टू बी आर जे नाइन सी' अशा वेशात वावरतो. पुष्कळदा वाचकास दिसते ते हेच सोंग. महाराष्ट्र शासनाने आपली सर्व संकेतस्थळे मराठी नावांनीही उघडतील अशी व्यवस्था केली आणि शासकीय अर्जांत मराठी पत्ता स्वीकारणे बंधनकारक केले, तर हे चित्र पालटू लागेल. त्यास दिल्लीची परवानगी लागत नाही.

परदेशी कंपनीशी झालेला करार उद्याच मोडावा असे आम्ही म्हणत नाही. चालते यंत्र एका रात्रीत उपटणे हा शहाणपणा नव्हे. मात्र पुढील निविदा निघण्यापूर्वी निक्सी, सी-डॅक आणि एखादी आयआयटी यांनी मिळून नोंदवहीची समांतर यंत्रणा उभी करावी. मालकी बदलल्यास करार आपोआप संपुष्टात येईल असे कलम त्यात असावे. आणि नोंदणीच्या उत्पन्नातील निश्चित वाटा भारतीय भाषांतील नामक्षेत्रांवर खर्च व्हावा. सध्याच्या करारात मालकी-बदलाविषयी काय लिहिले आहे, हे केंद्रीय माहिती अधिकाराखाली विचारता येते. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. आमच्या वाचकांपैकी कोणी तो अर्ज केला, तर आलेले उत्तर या पानांवर जसेच्या तसे छापू.